स्टेलॅरियमसाठी तेजोमेघाचा फोटो द्यायचाय? आधी एवढं बघून घ्या

स्टेलॅरियम या संगणकावर आकाश दाखवणाऱ्या कार्यक्रमात मृगाच्या पोटातल्या बाणाखाली झूम करत गेलं की एम ४२ तेजोमेघ हळूहळू उमटतो. तो फोटो कुणीतरी रात्र जागून काढलेला आणि सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला असतो. आपणही तसा द्यायचा ठरवलं असेल, तर सुरुवात परवानगीपासून करा. फोटो तुमचा एकट्याचा असेल तर प्रश्न नाही. दुर्बीण एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा आणि प्रोसेसिंग तिसऱ्याचं असेल, तर तिघांचा होकार लेखी हवा. स्टेलॅरियम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, म्हणजे ते कुणी सीडीवर घालून विकलं तरी चालतं. त्यामुळे ‘फक्त अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट असलेला फोटो कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवा. दुसऱ्याचा फोटो सुचवायचा असेल तर युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचे आणि ईएसए या युरोपीय अवकाश संस्थेच्या हबल विभागाचे बहुतेक फोटो श्रेय देऊन वापरता येतात. नासाच्या रोजच्या खगोलचित्राबद्दल मात्र सावध राहा: तिथले अनेक फोटो हौशी छायाचित्रकारांचे असतात आणि हक्क त्यांच्याकडेच असतात.

मग निवड. देवयानी दीर्घिकेचे चांगले फोटो ढिगाने आहेत, आणखी एकाने फारसा फरक पडणार नाही. दक्षिणेकडे बघा. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पॅरिसहून कधीच उगवत नाही. मुंबई-पुण्याहून तो एप्रिल-मेमध्ये दक्षिण क्षितिजावर साधारण २३ ते २४ अंश वर येतो. मला वाटतं, आपल्या अक्षांशाचा खरा उपयोग इथे आहे. त्यासाठी अमावस्येच्या आसपासची रात्र आणि दक्षिणेला गावाचा उजेड नसलेली जागा आधीच हेरून ठेवा. लाइट फ्रेमबरोबर (म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष फोटोंबरोबर) डार्क (झाकण लावून काढलेले) आणि फ्लॅटही (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे) घ्या, कारण फ्लॅटशिवाय कोपरे काळवंडतात आणि पुढे पार्श्वभूमी एकसारखी करताना जीव जातो.

ही पार्श्वभूमी फार महत्त्वाची. फोटो कार्यक्रमातल्या आकाशावर प्रकाशासारखा मिसळला जातो. काळा भाग निखळ काळा नसेल तर तेजोमेघाभोवती राखाडी चौकोन दिसतो. म्हणून कडांपर्यंत काळं करा, पण तेजोमेघाचे विरळ पदर कापू नका. इथे घाई नको, दोन-तीन संध्याकाळी लागल्या तरी लागू द्या. आकार ५१२ किंवा १०२४ पिक्सेल असा दोनाच्या घातात बसवा आणि पीएनजी म्हणून जतन करा.

त्यानंतर जागा. अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर प्लेट सॉल्व्ह केलं, म्हणजे ताऱ्यांवरून फोटो आकाशात नेमका कुठला ते शोधलं, की चारही कोपऱ्यांचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा) काढता येतात. हे आकडे जे२००० चे, म्हणजे सन २००० च्या संदर्भाने मोजलेले, आणि अंशांत हवेत. विषुवांश तासांत राहिले तर फोटो भलतीकडेच जाऊन बसतो. डायगोनल (दुर्बिणीतला प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावून काढलेला फोटो आरशातल्यासारखा उलटा असतो, तो आधी सरळ करा: उत्तर वर धरली की पूर्व डावीकडे यायला हवी. स्टेलॅरियममध्ये अशा फोटोंची यादी असते ती टेक्स्चर्सची जेसन फाइल; तिची प्रत काढून ठेवा, मग तिच्यात फोटोचं नाव, कोपरे आणि श्रेय भरा आणि आपल्याच संगणकावर उघडून पाहा. भरपूर झूम करा. फोटोतला तारा आणि कार्यक्रमाने काढलेला तारा एकमेकांवर बसले नाहीत तर तारे जोडीजोडीने दिसतात. तसं झालं तर कोपरे पुन्हा मोजा.

श्रेयात नाव कसं छापायचं हे ज्याचं त्याला विचारा. आणि मूळ फ्रेम पुसू नका. आमच्या गटातला एक सुरेख फोटो कडा फार कापल्यामुळे नव्याने प्रोसेस करायची वेळ आली, तेव्हा हार्ड डिस्क रिकामी केलेली होती. ते आकाश पुन्हा मिळायला पुढचा हिवाळा उजाडला.