टॉय पियानोच्या स्वरामागची झणझण कशी थांबली

माझ्या टॉय पियानोच्या मधल्या काही पट्ट्या जोरात वाजवल्या की स्वरामागे झणझण ऐकू येई, आणि ज्या वाद्यासाठी अमेरिकी संगीतकार जॉन केज यांनी १९४८ साली स्वतंत्र रचना केली, त्याचा असा आवाज मला असह्य होई. हातोड्या पुसल्या, पट्ट्यांखाली फेल्ट लावले. फरक पडला नाही.

या वाद्यात तारा नसतात. धातूच्या ठोकळ्यात एका टोकाला घट्ट बसवलेल्या सळया असतात. मागचे झाकण काढून मी ठोकळा बोटाने दाबून धरला आणि सळई नखाने छेडली, तेव्हा झणझण थांबली, म्हणजे ठोकळाच ध्वनिफलकावर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवर, सैल झाला होता. त्याचे स्क्रू आळीपाळीने, दर वेळी पाव फेराच आवळले, कारण एकच स्क्रू एकदम आवळल्यास लाकडाला चीर जाऊ शकते. झाकण लावण्यापूर्वी प्रत्येक पट्टी जोरात वाजवून पाहिली. सळयांना मात्र कानस लावू नये. मोकळे टोक घासले की स्वर चढतो.