आउटलुक सतत परवानगी मागत होतं, त्याचं कारण सापडलं

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सकाळपासून एकच खिडकी उघडत होती: एक प्रोग्राम आउटलुक या मेलच्या ॲपमधले ईमेल पत्ते वाचू पाहतोय, परवानगी द्यायची का? खाली एक ते दहा मिनिटांची मुदत निवडायची सोय. मी काही मागितलेलं नसताना हे का विचारतंय, या विचाराने पोटात गोळाच आला. दर वेळी ‘नाही’ म्हणत गेले आणि मग आमच्या आयटीवाल्यांना फोन केला. घाईत ‘हो’ दाबलं नाही, हे बरंच झालं.

ही राखण उगाच नाही. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतूनच जगभर पसरला होता. त्यानंतर दुसऱ्या प्रोग्रामांना पत्ते वाचण्यावर किंवा परस्पर मेल पाठवण्यावर हा पहारा बसला. अँटीव्हायरस चालू आणि अद्ययावत असेल तर आउटलुक सहसा विचारत नाही.

माझं नेमकं तिथेच अडलं होतं. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रोग्रामॅटिक ॲक्सेस, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना मिळणारा प्रवेश. तिथे अँटीव्हायरसची स्थिती ‘इनव्हॅलिड’ दिसली. त्याचे अपडेट कित्येक दिवस थांबले होते. पत्ते मागणारा प्रोग्राम आमचाच, बिलं मेल करणारा निघाला; पण ही खात्री आयटीने करून दिली, मी अंदाजाने ठरवली नाही.

तिथेच ‘कधीच विचारू नका’ असाही पर्याय असतो. त्याला हात लावू नका, पहाराच उठतो. अँटीव्हायरस अपडेट केला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, स्थिती ‘व्हॅलिड’ झाली. खिडकी परत आली नाही.