जुनी गाडी मिसिंग मारतेय? कार्बोरेटर खोलायच्या आधी या चुका टाळा

इथे मी मुख्यतः कार्बोरेटरवाली मारुती 800 डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, ओम्नीलाही बहुतेक सगळं तसंच लागू होतं कारण इंजिन तेच, 796 सीसी, तीन सिलिंडर. पद्मिनी किंवा जुनी एस्टीम असेल तरी तपासायची पद्धत हीच, फक्त सिलिंडर चार.

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे सिलिंडर नीट पेटेनासा होऊन इंजिन हुचके देऊ लागलं, की सगळ्यात पहिल्यांदा काय होतं, तर कार्बोरेटर खोलला जातो. गॅरेजमध्ये नेली की ऐकायला मिळतं, "कचरा आलाय, कार्बोरेटर साफ करावा लागेल". मग कार्बोरेटर साफ, जेट साफ, किट नवीन, दोन दिवस गाडी बरी वाटते आणि परत घाटात तेच हुचके. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा दोष कार्बोरेटरमध्ये नसतोच, आणि धडधाकट कार्बोरेटर सारखा सारखा खोलून त्याचे स्क्रू, गॅस्केट आणि सीट मात्र कायमचे खराब होतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या. 800 मध्ये कार्बोरेटर एकच आहे आणि तोच तिन्ही सिलिंडरना पेट्रोल-हवेचं मिश्रण देतो. म्हणजे एकच सिलिंडर मरत असेल आणि बाकीचे दोन व्यवस्थित चालत असतील, तर कार्बोरेटरवर संशय घ्यायला जवळपास जागाच नाही. एकच सिलिंडर मरतो तेव्हा कारण त्या सिलिंडरपुरतंच काहीतरी असतं: त्याचा प्लग, त्याची वायर, डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा) कॅपमधला त्याचा कोपरा, त्याचा व्हॉल्व्ह, किंवा फार तर त्याच्या तोंडाशी मॅनिफोल्डमधून हवा खेचली जात असेल. म्हणून पहिला प्रश्न "काय बदलू" हा नाही, पहिला प्रश्न "कुठला सिलिंडर" हा आहे, आणि तो न विचारता पार्ट बदलत सुटणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

कुठला सिलिंडर हे शोधताना चालू इंजिनवर हाताने प्लग वायर उपटू नका. झटका जोरात बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत वायर उघडी लोंबकळत राहिली तर कॉइल (ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारी) किंवा इग्निशनचं मॉड्यूल उडू शकतं. इंजिन बंद करा, एका सिलिंडरची वायर काढा, तिच्या टोकाला एक जुना प्लग लावून तो इंजिनच्या धातूला जम्पर वायरने पक्का जोडून (अर्थिंग करून) ठेवा (पेट्रोलच्या नळीपासून लांब, हे विसरू नका), मग इंजिन चालू करून आयडलिंग (रेस न देता चालणारं इंजिन) ऐका. चांगला सिलिंडर बंद केला की आवाज लगेच पडतो, इंजिन लटपटायला लागतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडला नाही तो आधीपासूनच मेलेला होता. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली) गाडी असेल तर वायरच्या ऐवजी एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून हेच करता येतं, ते जास्त सोपं आणि जास्त सुरक्षित.

आणि हो, वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, टेपवर आकडे लिहून चिकटवा. 800 ची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) 1-3-2, पद्मिनी आणि एस्टीमची 1-3-4-2. दोन वायरी अदलाबदल झाल्या की छोट्या मिसिंगच्या जागी मोठं मिसिंग, शिवाय बॅकफायर, आणि मग मूळ दोष काय होता ते शोधणं अजून अवघड.

सिलिंडर सापडला? आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेलं तर प्लग खराब, संपला विषय. नाही गेलं तर वायर बदलून बघा (लांबी पुरत असेल तर). एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि महिन्याने तेच झालं की परत तिन्हींचे पैसे.

दुसरी मोठी चूक म्हणजे गाडी उभी असताना, आयडलिंगवर तपासून "ओके आहे" म्हणणं. ही चूक चांगले चांगले मेकॅनिक करतात. प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल ते सिलिंडरमधल्या दाबावर अवलंबून असतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद, आत मिश्रण कमी, दाब कमी, त्यामुळे अशक्त कॉइल किंवा गळकी वायर पण काम भागवून नेते. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, आता ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते व्होल्टेज प्लगच्या टोकावर उडी मारायच्या ऐवजी जिथे कमी विरोध आहे तिथून पळ काढतं, वायरच्या चिरेतून, कॅपच्या ओरखड्यातून, प्लगच्या तडकलेल्या चिनीमातीवरून. म्हणून मिसिंग नेमकं कधी येतं हे मेकॅनिकला सांगणं फार गरजेचं आहे, नुसतं "मिसिंग मारते" सांगू नका. फक्त चढाला, लोडवर येतं तर आधी स्पार्क बघा. हायवेला बराच वेळ सारख्या वेगात चालवल्यावर इंजिन दम सोडतं आणि जरा थांबलं की परत बरं होतं, तर पेट्रोल पुरत नाहीये, फिल्टर, पंप, टाकीतली जाळी. आयडलिंगलाच भडभडतं आणि रेस दिली की स्वच्छ होतं, तर कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय. गरम झाल्यावरच होतं, थंड असताना नाही, तर कॉइल किंवा डेल्कोतला पिकअप (ठिणगीचा इशारा देणारा सेन्सर) तापून दगा देतोय का बघा, आणि मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये होत असेल तर पेट्रोलच्या नळीत वाफ धरतेय का तेही.

पावसाळ्यात होत असेल तर मग डेल्को. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जुन्या कॅपच्या आत ओल धरते, सकाळी गाडी सुरू होते ती दोन सिलिंडरवर आणि इंजिन तापलं की हळूहळू तिसरा जागा होतो. लोक कॅप काढून पुसतात, परत लावतात, आणि रोज सकाळी हेच करत बसतात. पुसून झाल्यावर कॅप उजेडात नीट निरखून बघा, आतल्या बाजूला दोन पितळी टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसते का. ती रेघ कार्बनची असते आणि तिच्यावरून करंट कायम पळत राहणार, घासून ती जात नाही, कॅप बदलायची. मधला कार्बनचा छोटा खिळा स्प्रिंगवर मोकळा हलतो का, रोटरचं टोक जळलंय का, तेही त्याच वेळी बघून घ्या. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देणं ही पण चूकच, निदान डेल्को आणि कॉइल प्लास्टिकने झाका असं सांगा.

अंधारात बघायची जुनी पद्धत अजूनही सगळ्यात भारी. रात्री, आजूबाजूला उजेड नाही अशा जागी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच वायरींकडे बघा (ओढणी, मफलर, लोंबती बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर). गळकी वायर निळसर चमकते, कधी कधी चटचट आवाज पण येतो. दिसलं नाही तर बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा आणि परत बघा.

पॉइंटवाल्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसलेल्या) जुन्या गाडीत अजून एक घोळ नेहमी होतो. पॉइंटचा गॅप कमी-जास्त केला की टाइमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, त्यामुळे आधी फीलर गेजने गॅप, नंतर टाइमिंग, उलटं केलं तर दोन्ही चुकलं. गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिमी धरतात पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच खरा. आणि नवे पॉइंट परत लगेच जळत असतील तर पॉइंटच्या क्वालिटीला दोष देण्याआधी कंडेन्सर बदलून बघा.

प्लग बघण्यातही चुका होतात. सकाळी चोक ओढून सुरू केली, दोन मिनिटं घरघरली आणि प्लग काढला तर तो काळाच दिसणार, त्यावरून "मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे" म्हणून स्क्रू फिरवू नका. आधी गाडी पाच-दहा किलोमीटर नीट चालवा, बंद करा, हेड थंड होऊ द्या (हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे निघून हातात येतील), मग तिन्ही प्लग ओळीने मांडा. रंग कुठला यापेक्षा तिघांतला वेगळा कुठला हे महत्त्वाचं. एकटा पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी पडत नाहीये. एकटा तेलकट असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय, व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. तिन्ही सारखे कोरडे काळे असतील, तेव्हा मात्र कार्बोरेटर, चोक, एअर फिल्टर याकडे जा. प्लग तारेच्या ब्रशने घासघासून परत लावायची सवय सोडा, चिनीमातीवर धातूचे बारीक ओरखडे राहतात आणि करंट तिथूनच उतरतो. नवीन प्लगही खात्रीच्या दुकानातूनच, डुप्लिकेट माल खूप आहे, आणि गॅप स्वतः मोजून मगच लावायचे.

आयडलिंगचं मिसिंग मिक्श्चर स्क्रूने "ट्यून" करून लपवणं, ही चूक तर घरोघरी चालते. हवा कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून किंवा फाटक्या व्हॅक्यूम नळीतून आत जात असते आणि आपण वरून पेट्रोल वाढवून तिला झाकतो. अॅव्हरेज पडतं, पीयूसीला गाडी नापास होते, मिसिंग मात्र तिथेच. स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी तो किती आटे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा आणि आतमध्ये कधीच दाबून आवळू नका. त्याआधी नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. दाबल्यावर आयडलिंग सुधारलं तर ती नळी किंवा ती जिथे जाते तो पार्ट गळतोय. डेल्कोच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा (टाइमिंग पुढे सरकवणाऱ्या भागाचा) पडदा बऱ्याचदा असाच फाटलेला सापडतो.

यात आता इथेनॉलची भर पडलीय. 2025 पासून आपल्याकडे पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 च्या आसपास. 1990 च्या दशकातल्या कार्बोरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने कापलेले, त्यांना पेट्रोल बदललंय हे कळायला काही मार्ग नाही, त्यामुळे मिश्रण आपोआप लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं. आधी जे व्हॅक्यूम लीक किंवा जो अशक्त स्पार्क कसाबसा चालून जात होता तो आता मिसिंग म्हणून बाहेर येतो. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा यांनाही इथेनॉल सोसत नाही, आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर भरतो. गाडी पावसाळाभर उभी असेल तर इथेनॉल ओल ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं, तेव्हा सुरू करण्याआधी जुनं पेट्रोल काढून टाका.

गॅसवर असलेल्या गाडीत तर तपासणी खरं तर सोपी आहे आणि तरी लोक सरळ किटवाल्याकडे जाऊन ट्युनिंग करून घेतात. पेट्रोलवर चालवून बघा, गॅसवर चालवून बघा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर प्लग आणि वायर आधी, कारण सीएनजी पेटवायला जोरदार ठिणगी लागते. फक्त पेट्रोलवर असेल तर कार्बोरेटर, कारण महिनोन्महिने पेट्रोल वापरलंच नाही, आतलं सुकून जेटमध्ये चिकट थर बसला. दोन्हीवर सारखंच असेल तर इग्निशन नाहीतर इंजिन.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) ऑनलाइन मागवून जुन्या गाडीला लावायला बघणारे पण भेटतात. कार्बोरेटर गाडीत तो लावायला जागाच नाही, आणि आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते 2010 मध्ये बीएस-4 (धुराचे नियम) बरोबर, त्यामुळे त्याआधीच्या एमपीएफआय गाड्यांशी सुद्धा साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. तेच पैसे कॉम्प्रेशन गेजवर (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणारं मीटर) घाला.

कारण शेवटी कॉम्प्रेशनच. प्लग, वायर, कॅप सगळं ठीक आणि तरी तोच सिलिंडर मेलेला, तर अजून पार्ट आणू नका, कॉम्प्रेशन काढा. इंजिन गरम करून जरा निवू द्या, तिन्ही प्लग काढा, कॉइलचं कनेक्शन काढा, बॅटरी चार्ज असू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही, आणि ही चूक खूप होते. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक बघा. एक बराच खाली असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. वाढलं तर रिंग गेल्यात. अजिबात वाढलं नाही तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर खाली असतील तर हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच खाली असतील तर टाइमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते आधी बघा.

दोष व्हॉल्व्हचा निघाला तरी हेड उतरवायची घाई नको, आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) मोजा. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. वेळेत सापडलं तर टॅपेट सेट करून भागतं. तसंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्यात जाऊन जळतं नि तो लालबुंद होतो. तेव्हा मिसिंग मारणारी गाडी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून दामटू नका, आणि हेड उतरवावंच लागलं तर लेव्हल चेक, व्हॉल्व्ह सील आणि टाइमिंग बेल्ट त्याच वेळी करून घ्या, मजुरी परत लागत नाही.