पंथाचा खुलासा हाती आल्यावर

वादग्रस्त धार्मिक पंथावर टीका करणारी बातमी छापून आली की दोन-तीन दिवसांत कचेरीत काहीतरी येऊन पडतेच. कधी खुलासा, कधी वकिलाची नोटीस, तर कधी एकाच मजकुराची गठ्ठाभर पत्रे. मुंबईत या विषयावर लिहू लागलेल्या वार्ताहराने त्या कागदाचे आधी दोन भाग करावेत. बातमीतले नेमके कोणते विधान खोटे आहे असे पंथाचे म्हणणे आहे, हा पहिला भाग. लिहिणारा कोण, त्याचा बोलविता धनी कोण, तो धर्मद्वेष्टा कसा, हा दुसरा. पेन्सिलीने खुणा करत गेल्यास दुसराच भाग बहुधा लांबलचक निघतो. उत्तर पहिल्या भागाचे द्यायचे असते.

या शहराला हा अनुभव जुना आहे. समाजसुधारक पत्रकार करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदाय या कृष्णभक्त वैष्णव पंथाच्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यापैकी जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. पण खरा दाब आला तो साक्षीदारांवर. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, असे त्यांच्या अनुयायांपैकी भाटिया या व्यापारी ज्ञातीतील काही पुढाऱ्यांनी ज्ञातीच्या सभेत ठरवून घेतले, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कटाचा वेगळा खटला चालून त्यांना दंड झाला. मुख्य खटल्याचा निकाल २२ एप्रिल १८६२ रोजी करसनदासांच्या बाजूने लागला. ज्यांचे नाव आज राणीच्या बागेतील संग्रहालयाला आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल वैद्य या नात्याने दिलेली साक्ष त्यात महत्त्वाची ठरली.

म्हणून माहिती देणाऱ्याचे म्हणणे बातमी छापण्यापूर्वीच तारीख घालून, सही घेऊन जवळ ठेवावे. बातमी लागल्यानंतर घरच्यांचा, नातलगांचा आणि सत्संगातल्या मंडळींचा आग्रह सुरू झाला की भला माणूसही ‘मी असे बोललोच नव्हतो’ म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही. ज्याच्याकडे केवळ ऐकीव माहिती आहे, त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे पावती, औषधाची चिठ्ठी किंवा जमिनीचा सातबारा आहे, त्याच्यावर बातमी उभी करावी.

पंथाला प्रश्न लेखी पाठवावेत, उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत आणि पाठवल्याचा पुरावा जपावा. उत्तर आले नाही तर तेवढेच छापावे. त्यात ‘मौन बाळगले’ अशी खोचक शब्दयोजना करू नये.

नोटिशीतली रक्कम पाहून मात्र हबकू नये. अमेरिकेत ‘टाइम’ साप्ताहिकाने मे १९९१ मध्ये सायंटॉलॉजी या तिथल्या वादग्रस्त पंथावर मुखपृष्ठकथा केली, तेव्हा त्या संघटनेने आधी एका मोठ्या दैनिकात जाहिरातींची मोहीम चालवली आणि पुढच्या वर्षी ४१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा लावला. १९९६ मध्ये तो फेटाळला गेला. अपिलाचा निकालही २००१ मध्ये साप्ताहिकाच्याच बाजूने लागला. रक्कम मोठी असली म्हणजे दाव्यात दम असतोच असे नाही, पण तो लढण्यात वर्षे जातात, आणि छोट्या पत्राला तेच परवडत नाही.

आपल्याकडे दिवाणी दाव्यात मजकूर खरा ठरला तर बचाव पुरा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी तक्रार झाली, तर मजकूर खरा असण्याबरोबरच तो छापणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. बातमी लिहितानाच ते लोकहित एका वाक्यात सांगता येते का, हे पाहावे. न आल्यास तो तपशील, कितीही चटकदार असला तरी, काढून टाकावा. महाराजांच्या खाजगी गोष्टींचा मोह भल्याभल्यांना होतो.

शिव्यांनी भरलेल्या नोटिशीतही एखादी तारीख किंवा आकडा खरोखरच आपला चुकलेला सापडतो. तो त्याच पानावर, ठळक जागी, दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करावा, आणि नोटिशीच्या उरलेल्या भागाचे काय करायचे ते वकिलावर सोपवावे.