शाळेला टॅब देताय? विदर्भातल्या सीएसआर प्रकल्पांतल्या या चुका टाळा

कंपन्यांचे फोन साधारण फेब्रुवारीत सुरू होतात. सीएसआरची, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर लावायच्या पैशातली, शिक्षणाच्या नावावर थोडी रक्कम उरली आहे, 31 मार्चच्या आत लावायची आहे, चारदोन शाळा सुचवा. मग घाईघाईने कोटेशनं येतात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो गावात शिरतो, डिजिटल फळ्याचं पॅनल भिंतीवर चढतं, फीत कापली जाते. एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्ट्या. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे वॉरंटीचे पहिले महिने ती वस्तू 45 अंशांच्या उन्हाळ्यात, टिनाच्या छपराखाली, बंद खोलीत तापत पडलेली असते. शाळा उघडते तेव्हा दोन-चार टॅबच्या बॅटऱ्या फुगलेल्या, आणि बिल कुठल्या फायलीत आहे ते कोणाला ठाऊक नाही.

पुढे ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. वस्तू घ्यायला पैसे असतात, ती चालवायला नसतात. सीएसआर बघणारे अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि मुख्याध्यापक, तिघांनाही हे माहीत असतं. पण बैठकीत विषय काढणार कोण?

"कायद्याने मार्चपर्यंतच खर्च करावा लागतो"

हे अर्धंच खरं आहे. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातली एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. पण त्याच कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. संचालक मंडळाचा ठराव मात्र आधी हवा.

म्हणजे पहिल्या वर्षी निम्मेच पैसे यंत्रांवर लावून उरलेले दुरुस्ती, नेट आणि माणसाच्या मानधनासाठी राखून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती अहवालात एकदम मोठा आकडा दाखवण्याच्या हौसेची.

दुसरा गैरसमज 5 टक्क्यांचा. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर जाऊ नये हा नियम आहेच, पण तो कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारासाठी. एखाद्या प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवर आणि देखरेखीवर होणारा खर्च त्यात धरत नाहीत. त्यामुळे तालुक्याला एक तंत्रज्ञ नेमला तर त्याचा पगार "ओव्हरहेड" म्हणून कापायचं कारण नाही. संस्थांनीही बजेट देताना ही ओळ लाजून वगळू नये.

वीज बघितल्याशिवाय पॅनल घेऊ नका

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बसतात, म्हणून जरा सविस्तर.

एका जिल्हा परिषद शाळेतली खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर मोठं पॅनल, वरून बाईंच्या जुन्या साडीचं आवरण. खाली मुख्याध्यापकांच्या खोलीतून ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड, त्याच बोर्डावर पाण्याची मोटार. तिसऱ्या पिनची हिरवी तार कुठे गेली म्हणून बघत गेलं तर ती खिडकीच्या गजाला गुंडाळलेली. हीच त्या शाळेची अर्थिंग. जूनच्या पहिल्या विजांच्या पावसात पॅनलचा बोर्ड जळतो, आणि सर्व्हिसवाला सांगतो की व्होल्टेजने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्याचंही चूक नसतं.

खरेदीच्या आधी वायरमन घेऊन शाळेत जा. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी खड्डा खणा. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, आणि वर पाणी ओतायला पाइप. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून तिथे अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. या सगळ्याचा खर्च पॅनलच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

मग फिडरची, म्हणजे शाळेला वीज देणाऱ्या वाहिनीची, चौकशी करा. शाळा गावठाण फिडरवर आहे की शेताच्या? शेताच्या फिडरवर असेल तर लाइन कृषिपंपांच्या वेळापत्रकाने येते आणि एखाद्या आठवड्यात ती रात्रीची असू शकते. पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, सगळे एकदम बंद झाले की उसळतं. स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर हे अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी खोडले जातात. ते खोडू नका, हवं तर पॅनल दहा इंच लहान घ्या.

बिल कोण भरणार हेही आधीच ठरवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 30 पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं, 100 पर्यंत पट असेल तर 25,000. त्यातच खडू, झाडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज. महिन्याचं बिल थोडं जरी फुगलं तरी मुख्याध्यापक प्लग काढून ठेवतात, आणि काढतीलच. मीटर कापला गेला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

सौर पॅनल हा चांगला पर्याय आहे, पण तो बसवला म्हणजे सुटलो असं होत नाही. वणी, घुग्घुस, गडचांदूर भागात कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीचा थर बसतो, पुसणारा हात लागतो. साध्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. काही वर्षांनी ती बदलावी लागते, तेव्हा देणगीदार दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. आणि माकडं. मेळघाटात जाऊन आलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

रस्त्यावरचीच शाळा निवडणं

डांबरी रस्त्याला लागून असलेल्या शाळेत तीन-तीन देणगीदारांच्या पाट्या, आणि आत चार किलोमीटरवरच्या टोल्यावरची शाळा कोरडी. हे दृश्य चंद्रपुरापासून बुलढाण्यापर्यंत सगळीकडे आहे. साहेबांना गाडीने जाता येतं तीच शाळा निवडली जाते, उद्घाटनाला मंडप टाकता येतो हेही एक कारण. सीएसआरचा पैसा कारखान्याच्या आसपास फिरतो, कारण कंपनीने स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. सिमेंट, कोळसा, मँगनीज, बुटीबोरीची एमआयडीसी, यांच्या भोवती काही ना काही येतं. वाशीम, संग्रामपूर, धारणी यांच्या वाट्याला त्या मानाने कमीच. पण प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे. नीती आयोगाच्या आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत विदर्भातले गडचिरोली आणि वाशीम आहेत. संचालक मंडळाला लांबचा तालुका पटवून द्यायला तेवढा आधार पुरतो.

निवड करताना गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून नुसती यादी घेऊन थांबू नका, आसपासच्या शाळांचा गट सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुखांशी बोला. कुठे आधीच दोन संगणक कक्ष बंद पडलेत, कुठल्या शाळेचा पट घसरतोय, कुठे एकच शिक्षक उरलाय, हे त्यांना तोंडपाठ असतं. वीसच्या खाली पट असलेल्या शाळेत भिंतीत ठोकायची यंत्रं बसवू नका. तिथे पेटीत मावणारं, हलवता येणारं साहित्य बरं.

नेट येईलच असं धरून चालणं

हरिसालचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. धारणी तालुक्यातलं हे गाव 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं आणि 2019 च्या लोकसभा प्रचारात तिथे खरोखर काय चालतं यावरून वाद रंगला. कोण खरं कोण खोटं हा इथला विषय नाही. डोंगराळ भागात जोडणी लावण्यापेक्षा ती टिकवणं अवघड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला असते, कधी यवतमाळच्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर.

म्हणून नेट नाही असं धरूनच आखणी करा. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमधले धडे आधी उतरवून ठेवता येतात, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली एका लहानशा संगणकावर टाकली तर वर्गातल्या वर्गात वायफायने सगळ्या टॅबवर चालते. नेट आलं तर बोनस. याउलट दरवर्षी लायसन्स नूतनीकरण लागणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर चौथ्या वर्षी पॅनलवर फक्त पासवर्डची चौकट दिसेल.

ऑफिसातले जुने संगणक

विंडोज 10 ची सुरक्षा-अपडेट देण्याचा मोफत काळ 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे कंपन्यांच्या गोदामांत यंत्रांचे ढीग लागलेत आणि ते "देणगी" म्हणून शाळांकडे निघालेत. विंडोज 11 त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. घ्यायलाच हरकत नाही, पण आधी रॅम वाढवा, साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, लिनक्स चढवा, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून द्या. एवढं करायची तयारी नसेल तर ते यंत्र ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. शाळेच्या माथी मारू नका.

एका शिक्षकाला शिकवून मोकळं होणं

प्रशिक्षण होतं ते एका उत्साही गुरुजींचं, नागपूरच्या हॉटेलात, एका दिवसात. मेमध्ये त्यांची बदली होते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो. प्रत्येक शाळेतल्या दोघांना शिकवा, आणि तिसरा माणूस गावातला घ्या: बारावी झालेली एखादी मुलगी, किंवा ग्रामपंचायतीतला आपले सरकार केंद्राचा चालक. त्याला महिन्याचं ठरावीक मानधन द्या. ज्याची बदली होत नाही असा माणूस प्रकल्पात हवाच. उजळणीसाठी वेगळी कार्यशाळा भरवण्यापेक्षा केंद्रप्रमुखांच्या शाळागटाच्या शिक्षण परिषदेत तासभर मागून घ्या. शिक्षकांना आणखी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र देऊ नका बाप्पा, त्यांच्या फोनमध्ये जागा उरलेली नाही.

भाषेबद्दल थोडक्यात: कोरकू, माडिया, गोंडी किंवा कोलामी घरातून आलेल्या पहिलीच्या लेकराला पुणेरी उच्चारातला व्हिडिओ दाखवून फार काही होत नाही. शिक्षकाला स्वतःचा आवाज भरून धडा बनवता येईल असा फोन-स्टँड आणि माइक दिला तर जास्त उपयोगी पडतो.

कुलूप आणि वसुलीची भीती

टॅब कपाटात का राहतात? आळसामुळे नव्हे. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झालेली वस्तू हरवली किंवा फुटली तर मुख्याध्यापकाकडून वसुली निघेल, ही भीती खरी आहे. सीएसआरमधून झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या, लाभार्थी गटाच्या किंवा पात्र संस्थेच्या नावावर जाते. मग हस्तांतरण पत्रातच लिहा की मुलांच्या हाताळणीत होणारी मोडतोड गृहीत धरली आहे, आणि निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढणं, कसं करायचं. शाळा व्यवस्थापन समितीचा तसा ठराव घ्या. या समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार 75 टक्के पालक असतात. टॅब घरी न्यायला द्यायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या.

मोजायचं काय

"लाभार्थी विद्यार्थी" म्हणून सगळा पट लिहिणं बंद करा. असर 2024 या शालेय शिक्षणाच्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, तर 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. यंत्र हाती आहे म्हणजे शिक्षण चाललंय असं नाही, हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. मोजायचंच तर पॅनल आठवड्यात किती तास चालू होतं आणि माउस मुलीच्या हातात किती वेळ होता ते मोजा. दुसरी गोष्ट वर्गात मागे बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

आधीच दिलंय आणि बंद पडलंय?

नवीन खरेदीच्या आधी जुनं उठवून बघा. क्रम असा ठेवा: आधी मीटर चालू आहे का आणि थकबाकी किती, मग अर्थिंग, मग केबल, कारण उंदरांनी कुरतडलेली तार हा सगळ्यात स्वस्त बिघाड असतो. त्यानंतर पासवर्ड आणि लायसन्स. बदलून गेलेल्या गुरुजींना एक फोन केला की निम्मी यंत्रं सुरू होतात. फुगलेली बॅटरी असलेला टॅब चार्जिंगला लावू नका, मुलांपासून लांब ठेवा. इतकं करून जे उरेल तेच दुरुस्तीला पाठवा, आणि त्या दुरुस्तीचे पैसे यंदाच्या सीएसआर प्रस्तावात पहिल्या ओळीला लिहा. फेब्रुवारीची वाट बघू नका, ऑगस्टमध्येच पाठवा. तेव्हा वाचायला अधिकाऱ्यांकडे वेळ असतो.