कुत्रा घरातच सू करून राहिला? मारू नका, आधी कारण शोधा

पहिली गोष्ट, तो मुद्दाम नाही करत. चांगला शिकलेला कुत्रा अचानक घरात सू करायला लागला न तर आधी डॉक्टर, लघवीचं इन्फेक्शन, शुगर, किडनी, काहीही असू शकते. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेज आहेच, जाताना सकाळच्या लघवीचं सॅम्पल स्वच्छ डबीत घेऊन जा.

तब्येत ठीक असेल तर वेळा पाहा. आमचा मोती मे महिन्यात रोज दुपारी कूलरपाशी करायचा, मला वाटे हट्टीपणा, मग एक दिवस रस्त्याला हात लावून पाहिला तर चटकाच बसला, बिचारा पाय कुठे ठेवेल! आता पहाटे ५ ला आणि रात्री रस्ता थंड झाल्यावर मोठी चक्कर, दुपारी अंगणातल्या निंबाखाली. पाणी मात्र कधीच तोडू नका, उन्हाळ्यात तर नाहीच नाही.

पिल्लू असेल तर झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर, आणि केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी येऊन दिलेला कशाचा ते त्याला कळत नाही. नाक घासणं, ओरडणं बंद करा, त्याने तो फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतो.

जागा एन्झाइमवाल्या, म्हणजे सूचा वास मुळातून काढणाऱ्या क्लीनरने पुसा, अमोनियावालं लिक्विड नको, त्याचा वास सूसारखाच येतो न तो परत तिथेच जातो. पाय वर करून भिंतीवर थोडंथोडं करत असेल तर ते मार्किंग, म्हणजे वासाने आपली हद्द दाखवणं, नसबंदीने बऱ्याचदा कमी होते.