शनिवारच्या पगारातून शिल्लक कशी काढावी

दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकायचे आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तेच काढून पोरांचे बूट घ्यायचे, असं ज्यांच्या घरात चालतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांचा पगार एक तारखेला बँकेत जमा होतो आणि वीस तारखेलाही थोडा उरलेला असतो, त्यांना यातलं बरंचसं लागू होणार नाही.

आमचं घर सांगलीत, भाड्याचं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवतात, हळदीची पोती इकडून तिकडं. पगार शनिवारी संध्याकाळी हातात, साडेतीन हजार. मी घरीच फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. लग्नसराईत माझे आठ हजारही होतात, पितृपंधरवड्यात मशीनवर धूळ बसते. दोन मुलं, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि भाडं चार हजार.

बचतीवर बोलणारा माणूस आधी चहा-वडापाव बंद करायला सांगतो. माझं मत उलटं आहे. आमच्यासारख्या घरात चहावर कात्री चालवून फार तर दोनशे वाचतात आणि वाद दोन हजारांचा होतो. शिल्लक मोडते ती मोठ्या खर्चानं, आणि तो खर्च आपण ‘अचानक आला’ म्हणतो. जूनमध्ये शाळा उघडणार हे जानेवारीतच माहीत असतं. दिवाळी कॅलेंडरात छापलेली असते. नणंदेच्या मुलीचं लग्न आठ महिने आधी ठरतं. यात अचानक काय आहे?

म्हणून पहिलं काम यादीचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर त्यात हमखास येणारा मोठा खर्च मांडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, आपल्याला आठवत नाही ते त्यांना आठवतं. आमची यादी अशी झाली: जूनमध्ये वह्या, दप्तर, गणवेश, बूट मिळून 6,000. उन्हाळ्यात वर्षाचा शाळू, तांदूळ आणि चटणी 9,000. गौरी-गणपती 2,000. दिवाळी 7,000. लग्नं, बारशी, गावची जत्रा, आहेर 5,000. मोटारसायकलचा विमा आणि काम 3,000. सर्दी-ताप, दात, आत्यांच्या गोळ्या 4,000. बेरीज 36,000. वर्षाचे शनिवार बावन्न, म्हणजे शनिवारला सातशे रुपये.

हे सातशे बचत नाहीत, हे नीट समजून घ्या. हे आपलेच पुढचे खर्च आहेत, फक्त हप्त्यानं भरलेले. बहुतेक घरं याच पैशाला बचत म्हणतात आणि तो खर्च झाला की हळहळतात. हा पैसा खर्चासाठीच आहे. तो वेगळा काढल्यावर जे उरेल, ते शंभर असो की पाचशे, ती खरी शिल्लक.

यादीतला एक आकडा दरवर्षी तपासा, तो म्हणजे शाळेचा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. नववीला ती विकत घ्यावी लागतात आणि क्लासचा विषयही त्याच वर्षी निघतो. आमचा थोरला सातवीत आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी तो आठवीत असतानाच मी त्यापुढच्या जूनचा आकडा वाढवून धरणार आहे.

आणि चटणीबद्दल थोडं सांगते, कारण वर्षाची भरणी ही माझ्या मते आमच्या घरातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक आहे. बाजारात मिरच्यांचे ढीग लागलेले असताना संकेश्वरी आणि रंगासाठी थोडी ब्याडगी घ्यायची, देठ काढून वाळवायची, डंकावर कुटून आणायची, मग कांदा-लसूण मिसळून बरणी भरायची. तीच चटणी वर्षभर छोट्या पुड्यांत घेतली तर दाम किती होतो ते दुकानात उभं राहून एकदा मांडून बघा. शाळूचंही तसंच, नवा माल बाजारात आला की घ्यायचा. पण यासाठी एकरकमी पैसा लागतो, आणि तो नसल्यामुळेच गरीब माणूस महागाचं खातो. ते सातशे आठवड्याला बाजूला पडले की ही एकरकमी सोय होते. ज्यांचं रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे त्यांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मोफत मिळतं. ते धरूनच वर्षाचं माप काढा, नाहीतर धान्यात पोरकिडे पोसाल.

सातशे ठेवायचे कुठे

घरात डब्यात ठेवू नका. डबा सगळ्यांना माहीत असतो. ज्या खात्याला मोबाईलवरून पैसे जातात त्या खात्यातही ठेवू नका, ते खातं म्हणजे पाकीटच.

आमच्याकडं पिग्मी आहे. रोज शंभर, एजंट दारात येतो. ही रोजच्या वसुलीची पद्धत 1928 साली उडुपीच्या बँकेनं, जिला पुढं सिंडिकेट बँक म्हणू लागले, तिनं दोन आण्यांपासून सुरू केली. आज आपल्या भागात पतसंस्थांनी ती गल्लोगल्ली नेलीय. व्याज थोडं असतं आणि मुदतीआधी पैसे काढले तर कापून घेतात. किती कापतात ते खातं उघडायच्या दिवशीच विचारा. पैसे दिले की मशीनची पावती किंवा मेसेज त्याच जागी बघा. एजंट ओळखीचा असला तरी बघा.

पण इथं एक मोठी मेख आहे. बँकेत पैसे बुडाले तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत परत मिळतात, ही मर्यादा 2020 पासून आहे. यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाही. नावं सारखी वाटतात, पाटी सारखीच असते, आतल्या खुर्च्याही सारख्याच, पण पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्थेचं दार बंद झाल्यावर पासबुक घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहेत. म्हणून पिग्मी बँकेची मिळत असेल तर बँकेचीच घ्या. पतसंस्थेत ठेवायचीच असेल तर चार-पाच महिन्यांत लागणारे पैसे तेवढे ठेवा, पोरीच्या लग्नाचे नव्हे.

भिशीबद्दल सगळे नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. गल्लीतल्या बारा बायका, महिना हजार, चिठ्ठी काढायची. पहिल्या महिन्यात नंबर लागला तर बिनव्याजी कर्ज, शेवटी लागला तर बिनव्याजी बचत. माझी पिकोची मशीन अशीच आली. अट एवढीच की प्रत्येकीचं घर आणि घरातली माणसं तुमच्या माहितीची हवीत, आणि बोली लावायची लिलावाची भिशी नको. तिथं अडलेली बाई सगळ्यात जास्त घाटा खाते.

खरी शिल्लक

आठवड्याचा पगार असलेल्यांना एक गोष्ट फुकटात मिळते, तिच्याकडं फार कमी लोक बघतात. भाडं, वीज, केबल, शाळेची रिक्षा हे महिन्याचं असतं, पगार मात्र आठवड्याचा. वर्षात चार महिन्यांत, कधी पाचांत, पाच शनिवार येतात. घर चार शनिवारांवर चालवायची सवय ठेवली तर पाचव्या शनिवारी भाजी-दूध सोडून द्यायला कुणी नसतं. आम्ही त्यातले दीड हजार काढतो. कॅलेंडर आलं की मी आधी असे महिने शोधून त्या तारखांना लाल गोल करते. मालकांनाही ते गोल दिसतात, त्यामुळे त्या शनिवारी मोबाईलचं नवं कव्हर वगैरे निघत नाही.

दुसरा पैसा लाडक्या बहिणीचा. जुलै 2024 पासूनचे हे महिना 1,500 ज्या खात्यात येतात त्या खात्याचं कार्ड मी आत्यांच्या पेटीत ठेवलंय. हे पैसे किराण्यात मिसळू देऊ नका, एकदा मिसळले की किराणाच तेवढा वाढतो. पण पाच वर्षांचा हप्ता सगळा या पैशाच्या भरवशावर बांधू नका. योजना सरकारची असते, हप्ता आपला असतो.

पहिलं ठिकाण भरायचं ते एका महिन्याच्या भाड्याचं आणि किराण्याचं, आमच्या हिशोबानं 12,000. साध्या बचत खात्यात, व्याजाचा विचार न करता. टेम्पो चालवणाऱ्याचा हात मोडला तर शनिवार बंद होतो, त्यासाठी हे. ते भरेपर्यंत दुसरं काही उघडू नका.

त्यानंतर पोस्टाचं आरडी, म्हणजे महिन्याच्या हप्त्यानं भरायची ठेव. महिना 100 पासून सुरू होतं, मुदत पाच वर्षं, सध्या व्याज वर्षाला 6.7 टक्के. दर तिमाहीला नवा दर जाहीर होतो, पण खातं उघडताना जो असेल तो आपल्याला शेवटपर्यंत मिळतो. महिना 500 भरले तर आपले 30,000 जातात आणि पाच वर्षांनी 35,600 च्या वर हातात येतात. खातं महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत उघडलं तर पुढचे हप्ते पंधरापर्यंत, नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. आमच्यासारख्यांनी सोळानंतरच उघडावं, जास्त शनिवार हाताशी येतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, आणि ओळीनं चार चुकले की खातं बंद पडायच्या वाटेला लागतं. म्हणून झेपतो त्यापेक्षा छोटाच हप्ता धरा. वर्षभराचे बारा हप्ते भरून झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज काढता येतं, खातं मोडावं लागत नाही.

आणि हे खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही: बारा हप्ते एकदम आगाऊ भरले तर शंभराच्या हप्त्यामागं 40 रुपये सूट मिळते. पाचशेच्या हप्त्याला 200. सहा हप्त्यांना सूट शंभरामागं 10. लग्नसराई सरली की मी बारा हप्ते भरून टाकते. मग पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक नसलं तरी हप्त्याची काळजी नसते.

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या खातं उघडा. वर्षाला कमीत कमी 250 भरून ते जिवंत राहतं, व्याज सध्या 8.2 टक्के. पैसे मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली तर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत निघतात, त्याआधी हात घालता येत नाही. माझ्या मते तोच त्याचा गुण.

कर्ज असेल तर क्रम उलटा

वर जे सांगितलं ते डोक्यावर शेकड्याचं कर्ज नसेल तर. शेकडा पाचनं घेतलेल्या दहा हजारांचं व्याज महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल तसंच उभं. तेच महिन्याचे पाचशे आरडीत टाकले तर पहिल्या वर्षी व्याज सव्वादोनशेही होत नाही. मग आरडी कशाला उघडता? आधी ते फेडा, अगदी गळ्यातलं बँकेत ठेवून फेडावं लागलं तरी. सोनं तारण ठेवल्यावर बँक शेकडा पाच घेत नाही.

मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटाचं कर्ज म्हणजे बचत गट नव्हे. गटात बसून हप्ते भरायचे म्हणून बायका दोन्ही एकच समजतात. बचत गटात दहा ते वीस बायकांचा स्वतःचा पैसा असतो. शेकडा एक-दोननं आपसांत कर्ज दिलं जातं आणि व्याज गटातच राहतं. फायनान्सचं व्याज कंपनीला जातं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत आणि असं सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीला येणाऱ्या पोराला हे माहीत असतं, आपल्यालाही असावं. ‘आम्हाला हिशोबातलं काय कळतंय’ म्हणणाऱ्या बायकांना मी शेजारच्या माण तालुक्यातलं म्हसवड सांगते. तिथं चेतना गाला सिन्हांबरोबर बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा काहीजणींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

मे महिन्यातली दोन कामं

वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातून मिळतो. पहिल्याला वयाची मर्यादा 18 ते 70, दुसऱ्यात शिरायला 18 ते 50. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे. पैसे मेच्या शेवटाला आपोआप कापले जातात आणि नेमकं तेव्हा खातं रिकामं असलं तर विमा तुटतो. मेच्या वीस तारखेच्या आसपास खात्यात पाचशे आहेत का, एवढं बघायचं.

दुसरं काम सांगलीकरांसाठी. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुराचं पाणी आलं तेव्हा बँका आणि एटीएम बंद, आणि दुकानदाराला रोखच हवी होती. आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. आम्ही मेअखेरीला तीन हजारांच्या सुट्या नोटा, सगळी पासबुकं, आधार आणि रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतो. नोटा दिवाळीला खाली येतात आणि थेट तेल-साखरेत जातात, त्यामुळे यादीतले दिवाळीचे 7,000 प्रत्यक्षात चारच लागतात. उरलेले तीन मी पुढच्या मेपर्यंत आरडीच्या आगाऊ हप्त्यांसाठी वेगळे काढते.